चोरी कोणाची?

मी पेशाने मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, फ्रेंचचा गंध नाही. तरी फ्रान्स्वा त्र्युफो यांचा ‘ले कात्र साँ कू’ हा १९५९चा कृष्णधवल चित्रपट एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना मी चाचरलो. (इंग्रजीत याचे नाव ‘चारशे फटके’ अशा अर्थाचे झाले आहे. मूळ वाक्प्रचार उनाडक्या करण्याचा. फटक्यांशी संबंध नाही.) त्र्युफोंचा हा पहिलाच मोठा चित्रपट. त्यासाठी कान महोत्सवात त्यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले.

पॅरिसमधला आंत्वान शाळा बुडवतो. मास्तर कारण विचारतात, आणि पोराच्या तोंडून निघून जाते, आई वारली! मास्तर क्षणात विरघळतात. पुढे बाल्झाक वाचून तो इतका भारावतो, की त्याच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतो (घरात आग लागते ते निराळेच) आणि आजोबांच्या मरणावर निबंध लिहितो. वाक्ये बाल्झाकची खरी, पण पोराच्या मनात मुरलेली. मास्तर म्हणतात, चोरी. थाप खपली, भक्ती मात्र गुन्हा ठरली!

माझ्या वर्गातल्या एका मुलाने पावसावर निबंध लिहिला होता. मला तो त्याच्या कुवतीबाहेरचा वाटला. ‘कुठून उतरलास रे?’ म्हणून मी त्याला सर्वांदेखत उभे केले. तो काही बोलला नाही.

आंत्वान वडिलांच्या कचेरीतले टाइपरायटर चोरतो. विकले जात नाही म्हणून परत ठेवायला जातो आणि तेव्हाच पकडला जातो. रवानगी सुधारगृहात. तेथे एक बाई त्याला प्रश्न विचारतात. बाई दिसत नाहीत, नुसता आवाज. कॅमेरा पोरावरून हलत नाही. जाँ-पिएर लेओ हा मुलगा अडखळतो, हसतो, टेबलाशी चाळा करतो. आपण आईला नकोसे होतो, आजीमुळे जन्मलो, हे तो सहज सांगतो. खरे बोलूनही कोणी विश्वास ठेवीत नाही, म्हणून कधी कधी खोटे बोलतो, म्हणतो. अभिनय म्हणावा असे त्यात काहीच नाही. आईचे चित्र मात्र मला जरा कडक वाटले. तिची बाजू कोणी विचारीत नाही.

शेवटी तो सुधारगृहातून पळतो, कधी न पाहिलेल्या समुद्रापर्यंत. पाण्यात चार पावले जाऊन वळतो, आपल्याकडे पाहतो, आणि चित्र तिथेच थिजते. माझा तो पोरगाही वही हातात घेऊन असाच पाहत उभा होता.