कायद्याच्या कागदावरचे घर : 'गर्म हवा'चा पुनर्विचार

फाळणीविषयक साहित्य महाविद्यालयांतून शिकविले जाते तेव्हा चर्चा बहुधा रक्तपात, विरह आणि माणुसकी या तीन शब्दांभोवती फिरत राहते. विस्थापितांचे पुढील आयुष्य परवाना, नोंदवही, छावणीतील बराक आणि मालमत्तेची फाइल यांनी घडविले, ही बाजू दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित कथेवर आधारलेल्या, कैफी आझमी व शमा झैदी यांनी पटकथा लिहिलेल्या आणि एम. एस. सथ्यू यांनी दिग्दर्शित केलेल्या 'गर्म हवा' (१९७३) या चित्रपटाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवाना सक्तीचा झाला व १९५२ मध्ये पासपोर्ट आला. १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्याने देश सोडून गेलेल्यांची घरे कस्टोडियनच्या ताब्यात दिली. सिंध-पंजाबातून आलेल्यांना निवारा देणे हा त्यामागील हेतू खराच होता. परंतु जो गेलेला नाही, पण जाण्याच्या तयारीत आहे असे वाटते, त्यालाही या कायद्याने एका वर्गात बसविले होते. म्हणजे संशयालाच कायदेशीर नाव मिळाले. हा कायदा २००५ साली रद्द झाला.

आग्र्यातील जोड्यांचे कारखानदार सलीम मिर्झा यांची शोकांतिका याच चौकटीत घडते. ते कोठेही गेलेले नाहीत. गेले ते थोरले बंधू हलीम, आणि वडिलोपार्जित हवेली त्यांच्या नावावर. कायदा नाव पाहतो, वास्तव्य पाहत नाही. हवेली जाते, भाड्याचे घर मिळेनासे होते, कर्ज देणारा 'हे उद्या निघून गेले तर?' असा हिशेब करतो. भावाला पाठविलेला हवेलीचा नकाशा हेरगिरीचा पुरावा ठरतो. अमीनाशी लग्न करावयास आलेला काझिम कागदपत्रांअभावी पकडला जातो. एका घराचे हे एकामागून एक आक्रसत जाणे म्हणजेच चित्रपटाचे खरे कथानक होय.

येथे शब्दांकडेही पाहावे. मराठीतील 'निर्वासित' या शब्दात वसतिस्थान सुटल्याची वेदना आहे, हिंदीतील 'शरणार्थी'त याचना आहे, तर उर्दूतील 'मुहाजिर'मागे हिजरतीची स्मृती आहे. सलीम मिर्झा यांपैकी एकाही शब्दात बसत नाहीत. माणूस जागेवर आणि घर परागंदा, या अवस्थेला आपल्या तिन्ही भाषांत नाव नाही.

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. हवेली मिळते ती सिंधहून आलेल्या अजमानींना. तेही विस्थापितच, परंतु ते इतके सज्जन दाखविले आहेत की एकाचा निवारा दुसऱ्याच्या बेघर होण्यातून उभा राहतो हा पेच सौम्य होतो. लाकडाच्या कोठीत लपून बसणारी वृद्ध आई आणि अमीना या दोघींचे नाव कोणत्याच कागदावर नाही. हा धागा दिग्दर्शकाला दिसतो, पण पुढे नेला जात नाही. शेवटी मिर्झा मोर्चात सामील होतात. त्यामुळे मनाला उभारी मिळते, कायद्याचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

मंटोंच्या 'खोल दो'मध्ये छावणीतील बाप ज्या स्वयंसेवकांवर विश्वास टाकतो, तेच घातक निघतात. व्यवस्था स्वागताची असली तरी तिच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न ती कथा विचारते. महाराष्ट्रातील उल्हासनगर हे याहून वेगळे उदाहरण आहे. कल्याणजवळील लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी बांधव आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तेथे नगराची कोनशिला बसली. बराकींतून उद्योग उभे राहिले. तरी पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन' हेच शब्द टिकले. छावणी संपली, तिचा आराखडा उरला.

हा विषय आपल्या परिसरालाही परका नाही. बागली-धार भागातील विद्यार्थ्यांना नर्मदेच्या बुडिताची माहिती असते. सरदार सरोवर २०१९ मध्ये पूर्ण भरले तेव्हा धार जिल्ह्यातील निसरपूर, चिखल्दा पाण्याखाली गेले. १९७९ च्या लवादाने सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले होते. तेथेही कुटुंब म्हणजे काय हे कागदानेच ठरविले. नर्मदेचे विस्थापित देशाबाहेर गेले नाहीत, म्हणून ते निर्वासितांच्या व्याख्येत येत नाहीत. अनुभव मात्र जवळचा आहे.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र सर्वसमावेशक कायदाही नाही. २०२५ मध्ये परकीय नागरिकांविषयीचा १९४६ चा कायदा बदलला, तरी ही उणीव कायम आहे. अशा वेळी 'गर्म हवा' दाखवून केवळ डोळे पुसायला लावणे पुरेसे नाही. घर कोणाच्या नावावर होते, ते कोणी काढून घेतले आणि कोणाला दिले, हे तीन प्रश्न अध्यापकांनी वर्गात आवर्जून विचारावेत. साहित्याचा अभ्यास नागरिकत्वाच्या शिक्षणाशी जोडला जातो तो येथेच.