‘प्रयोग’ या संज्ञेची जबाबदारी : वैद्यक, वातावरणविज्ञान आणि सुरगाण्याचा संदर्भ

प्रास्ताविक

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द अत्यंत सैलपणे वापरला जातो. नाटकाचा प्रयोग होतो, व्याकरणात कर्तरी-कर्मणी प्रयोग असतात, शेतकरी नवे बियाणे लावून प्रयोग करतो आणि शासन विमानातून ढगांत रसायने सोडते तेव्हा ‘कृत्रिम पावसाचा प्रयोग’ असा मथळा वृत्तपत्रांत येतो. यांपैकी बहुतेक ठिकाणी ‘करून पाहणे’ एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. विज्ञानात मात्र या संज्ञेवर अधिकची जबाबदारी येते. जे केले ते केले नसते तर काय घडले असते, या प्रश्नाचे उत्तर देण्याची व्यवस्था म्हणजे प्रयोग. ही व्यवस्था नसेल तर त्या कृतीला उपाययोजना म्हणता येईल, मोहीम म्हणता येईल. प्रयोग म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात वैद्यक आणि वातावरणविज्ञान या दोन क्षेत्रांत महाराष्ट्रात झालेल्या काही प्रयोगांची या निकषावर समीक्षा केली आहे आणि सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्याच्या दृष्टीने हा निकष पुरेसा आहे काय, याचाही विचार केला आहे.

वैद्यकातील तुलना : भायखळा ते गडचिरोली

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. लस न घेतलेले कैदीही त्याच तुरुंगात, तेच अन्न खात आणि त्याच साथीच्या सावटाखाली राहत होते. त्यामुळे दोन गटांतील आजार व मृत्यू यांची तुलना करणे शक्य झाले व लशीची उपयुक्तता दिसून आली. या प्रयोगाच्या मर्यादाही उघड आहेत. लस कोणी घ्यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते आणि तुरुंगातील माणसाची ‘संमती’ कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न आजही विचारावा लागतो. तथापि तुलनेचे तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

याच तत्त्वाचा अधिक काटेकोर वापर शंभर वर्षांनी गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी देखभाल करण्याची पद्धत राबविली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रथम १९९३ ते १९९५ या काळात दोन्ही गटांतील जन्म-मृत्यूंची नोंद केली गेली. मग १९९५ पासून प्रत्यक्ष सेवा सुरू झाली. गावातीलच प्रशिक्षित स्त्री बाळाचे वजन करी, त्याला उबदार ठेवण्यास शिकवी, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखी आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देई. तिसऱ्या वर्षाअखेर तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या प्रयोगावर एक आक्षेप घेता येतो. कोणत्या गावात सेवा द्यायची व कोणते गाव तुलनेसाठी ठेवायचे, याची निवड यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. आधीच्या दोन वर्षांच्या नोंदींमुळे या आक्षेपाची धार कमी होते, पण तो पूर्णपणे दूर होत नाही. म्हणूनच पुनरावृत्तीला महत्त्व येते. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात यादृच्छिक निवडीने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे घरभेटींवर आधारित सेवेमुळे नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. घट गडचिरोलीपेक्षा कमी होती, पण परिणाम टिकला. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत घरपोच नवजात देखभालीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज सुरगाण्याच्या पाड्यावर बाळंतिणीच्या घरी आशाताई येतात, त्यामागे या प्रयोगांची परंपरा आहे.

ढगावरील तुलना : बारामती ते सोलापूर

ढगावर प्रयोग करणे माणसावरील प्रयोगापेक्षा एका अर्थाने अधिक कठीण आहे. एकसारखे दोन ढग मिळत नाहीत आणि एकदा बरसून गेलेला ढग पुन्हा तपासता येत नाही. शिवाय पावसातील नैसर्गिक चढउतार इतके मोठे असतात की बीजारोपणामुळे झालेली वाढ त्यांत सहज बुडून जाते. गडचिरोलीत परिणाम मोठा होता, म्हणून तीन वर्षांत तो दिसू शकला. ढगाच्या बाबतीत वीस टक्क्यांच्या आसपासची वाढ ओळखायची असेल तर अनेक पावसाळे मोजमाप करावे लागते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने बारामती परिसरात नेमके हेच केले. १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत विमानातून उष्ण ढगांत मिठाची पूड सोडण्यात आली. मिठाचे कण बाष्प शोषून घेतात, त्यांच्याभोवती मोठे थेंब तयार होतात आणि हे थेंब लहान थेंबांना सामावून घेत खाली येतात, ही त्यामागील कल्पना. उत्तर व दक्षिण असे दोन विभाग आखून मध्ये मोकळा पट्टा ठेवण्यात आला. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात बीजारोपण करायचे हे यादृच्छिक निवडीने ठरे आणि दुसरा विभाग त्या दिवशी तुलनेसाठी राही. या प्रयोगात पावसात सुमारे २४ टक्के वाढ आढळली. बीजारोपणाचा काहीच परिणाम नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे चार होती.

अलीकडे याच संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात २७६ ढगांचा अभ्यास केला. त्यांपैकी काही ढगांत बीजारोपण केले गेले, काही जाणीवपूर्वक तसेच सोडले गेले. वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात १८ टक्क्यांच्या आसपास वाढ झाल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे आकडे आशादायक आहेत, परंतु वैद्यकाप्रमाणे येथेही पुनरावृत्तीची कसोटी लावावी लागते. महाराष्ट्रात शेतीविषयक चर्चेत ज्या इस्राएलचा दाखला नेहमी दिला जातो, त्या देशात १९६० च्या दशकातील पहिल्या प्रयोगात सुमारे १५ टक्के वाढ आढळली होती. मात्र २०१३ ते २०२० या काळातील चौथ्या यादृच्छिक प्रयोगात वाढ जेमतेम दोन टक्के निघाली व ती सांख्यिकीय दृष्ट्या ग्राह्य ठरली नाही. त्यानंतर तेथील बीजारोपण थांबविण्यात आले. इस्राएलमधील ढग थंड आणि रसायन वेगळे, त्यामुळे हा निष्कर्ष सोलापूरला जसाच्या तसा लागू होत नाही. पण अनेक दशके चालविलेला कार्यक्रम स्वतःच्याच प्रयोगाच्या आधारे बंद करण्याचा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे, हे मान्य करावे लागेल.

मोहीम आणि प्रयोग यांतील अंतर

बारामतीसारखा प्रयोग ज्या राज्यात झाला, त्याच राज्यात २००३, २०१५ आणि २०१९ या वर्षी कृत्रिम पावसाचे कार्यक्रम दुष्काळनिवारणाच्या मोहिमा म्हणून राबविले गेले. २०१९ मध्ये त्यासाठी ३० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली होती. मोहिमेचे तर्कशास्त्र निराळे असते. टंचाईत होरपळणाऱ्या प्रदेशावर आलेला योग्य ढग तुलनेसाठी मोकळा सोडावा, असे कोणताही अधिकारी म्हणणार नाही. पण मग विमान उडाल्यानंतर पडलेला पाऊस विमानामुळे पडला की तो पडणारच होता, हे ठरविण्याचा मार्गही उरत नाही. पाऊस पडला तर ‘प्रयोग यशस्वी’ आणि न पडला तर ‘प्रयोग फसला’ हे दोन्ही मथळे सारखेच निराधार ठरतात.

या संदर्भात एक उदाहरण बोलके आहे. २००३-०४ च्या दुष्काळात सातारा-सांगली भागात पवनचक्क्यांमुळे ढग पळाले, अशी समजूत पसरली होती. सुशिक्षितांनी तिची अंधश्रद्धा म्हणून संभावना केली. परंतु पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला, म्हणून पवनचक्क्यांनी पाऊस घालवला, हा शेतकऱ्याचा तर्क आणि विमान उडाले व पाऊस आला, म्हणून विमानाने पाऊस आणला, हा मोहिमेचा तर्क, यांची घडण एकच आहे. एकाला अज्ञान व दुसऱ्याला विज्ञान म्हणणे न्याय्य नाही. तुलनेची व्यवस्था दोन्हीकडे नाही.

सुरगाण्याचा प्रश्न

तुलना निर्दोष असली तरी एक प्रश्न शिल्लक राहतो : मोजायचे काय? गडचिरोलीत बालमृत्यू मोजले गेले. त्या आकड्याचा अर्थ प्रयोगकर्त्याला आणि बाळाच्या आईला एकच होता. ढगाच्या प्रयोगात पर्जन्यमापकात जमलेले पाणी मोजले जाते. ते पाणी विहिरीत किती मुरले व उन्हाळ्यात हंड्यात किती आले, हे त्या आकड्यातून कळत नाही.

सुरगाणा तालुक्यात हे अंतर विशेष जाणवते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेवरील हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची येथे वस्ती असून भात, नागली, वरई ही मुख्य पिके आहेत. येथे पावसाची कमतरता नाही. पण नार, पार या नद्यांचे पाणी डोंगरउतारावरून वेगाने पश्चिमेकडे गुजरातेत व पुढे समुद्रात जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच डोंगरातील स्त्रिया झऱ्याच्या तळाशी साचलेले पाणी वाटीने भरतात. २०२२ च्या अखेरीस सीमेवरील काही गावांनी गुजरातमध्ये सामील होण्याची भाषा केली, तेव्हा पाणी, रस्ते आणि आरोग्यसेवा याच त्यांच्या तक्रारी होत्या. पुढे २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नार-पार-गिरणा योजनेस मंजुरी दिली. तिच्यानुसार येथील पाणी पूर्वेकडील गिरणा खोऱ्यात जावयाचे आहे. अशा तालुक्यात पाऊस १८ टक्क्यांनी वाढला तरी तो वाढीव पाऊसही आधीच्या पावसाच्याच वाटेने वाहून जाईल. सुरगाण्यापुरता प्रयोगाचा विषय ढग नसून जमिनीवरील पाणी आहे.

असा प्रयोग आखणे अशक्य नाही. एकाच प्रकारच्या डोंगरउतारावरील काही पाड्यांत बंधारे व समतल चर आधी घ्यावेत, काही पाड्यांत ते दोन वर्षांनी घ्यावेत आणि कोणाचा क्रम आधी हे ग्रामसभेसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. सर्वच कामे एका वर्षी करण्याइतका निधी नसतोच. त्यामुळे या क्रमाने कोणाचा हक्क हिरावला जात नाही. दोन्हीकडील विहिरींची पातळी दर महिन्याला आणि झरा आटल्याची तारीख दरवर्षी नोंदवावी. त्यासाठी विमान लागत नाही. दोरी, मोजपट्टी आणि नोंदवही पुरते. ग्रामीण महाविद्यालयांतील भूगोल, वनस्पतिशास्त्र व सांख्यिकी विभागांच्या आवाक्यातील हे काम आहे.

समारोप

भायखळा, गडचिरोली, बारामती आणि सोलापूर येथील प्रयोग परिपूर्ण नव्हते; पण आपली चूक दाखविता येईल अशी सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. दुष्काळी मोहिमांत ही सोय नसते, म्हणून त्यांना ‘प्रयोग’ म्हणणे टाळावे. हा आग्रह केवळ शब्दशुद्धीचा नाही. जी कृती प्रयोग म्हणून गणली जाते तिला फसण्याचीही मुभा मिळते आणि तिच्या खर्चाचा जाब विचारला जात नाही. ती मुभा हवी असेल तर तुलनेची अट स्वीकारली पाहिजे. आणि तुलना कशाची करायची हे ठरविताना, ज्यांच्या नावाने प्रयोग होतो त्यांचा हंडा किती भरला, हे मोजमाप पहिल्या स्तंभात असले पाहिजे.