डिजिटल ग्रंथालयांतील मेटाडेटा आणि आशय-समावेशन : ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’च्या मराठी संग्रहाची चिकित्सा

प्रस्तावना :
ग्रंथाचे छायांकन झाले की तो डिजिटल ग्रंथालयात आला, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः छायांकित पृष्ठे या केवळ प्रतिमा असतात. त्या कोणत्या ग्रंथाच्या, कोणाच्या व कधीच्या हे सांगणारा मेटाडेटा, म्हणजेच तालिकापत्राचे डिजिटल रूप, जोडल्यानंतरच वाचक त्यांपर्यंत पोहोचतो. डिजिटल अभिलेखांच्या जतनाचे जे प्रतिमान २००३ मध्ये आयएसओ १४७२१ या क्रमांकाने प्रमाणित झाले, त्यात ‘इन्जेस्ट’ अर्थात आशय-समावेशन हे स्वतंत्र कार्य मानले आहे. आलेले साहित्य स्वीकारणे, तपासणे, त्याचे वर्णन सिद्ध करणे आणि मगच ते जतनासाठी सोपविणे, असा त्याचा क्रम आहे. या कसोटीवर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’च्या मराठी संग्रहाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपक्रमाचे योगदान :
कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या दशलक्ष ग्रंथ प्रकल्पाचा हा भारतीय भाग असून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्याच्या केंद्रस्थानी होती. त्यामुळे जीर्ण व दुर्मिळ मराठी ग्रंथ घरबसल्या पाहता येऊ लागले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. तथापि २०१७ मध्ये संग्रहाचा मोठा भाग इंटरनेट अर्काइव्हवर उपलब्ध झाला आणि ग्रंथ वाचले. त्यांच्याबरोबर मूळ नोंदींतील दोषही नव्या घरी गेले.

वर्णनातील उणिवा :
पहिली उणीव लिपीची. मराठी ग्रंथांची शीर्षके बहुतांशी रोमन लिपीत नोंदली गेली आणि त्यांत लिप्यंतराची एकवाक्यता राहिली नाही. ‘ज्ञ’साठी मराठी लेखक ‘डीएनवाय’, हिंदी लेखक ‘जीवाय’, तर संस्कृतचे अभ्यासक ‘जेएन’ ही अक्षरे योजतात. साहजिकच ‘ज्ञानेश्वरी’च्या प्रती तीन ठिकाणी विखुरतात. उलटपक्षी ‘के-ए-एल-ए’ या चार अक्षरांत कला, कळा, काला आणि काळा हे चारही शब्द सामावतात. भारतीय लिप्यांच्या लिप्यंतरासाठी आयएसओ १५९१९ हे मानक २००१ पासून उपलब्ध होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दुसरा प्रश्न ग्रंथकारनामाचा. राम गणेश गडकरी यांनी काव्य ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने केले. नामनियंत्रणाची सूची नसेल, तर संगणकाच्या लेखी ही तीन माणसे ठरतात. तिसरा प्रश्न कालनिर्देशाचा. जुन्या मुखपृष्ठांवर अनेकदा शालिवाहन शक असतो. शके १८०७ म्हणजे इ. स. १८८५-८६, तो आकडा तसाच वर्षाच्या रकान्यात भरला, तर ग्रंथ ७८ वर्षे जुना होतो आणि वाङ्मयेतिहासाचा अभ्यासक फसतो.

आक्षेप व उत्तर :
अक्षरओळख करणारी प्रणाली विकसित होत असल्याने वर्णनाची गरज उरणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. परंतु खिळ्यांवर छापलेल्या, शाई पसरलेल्या जुन्या देवनागरी पृष्ठांवर ही प्रणाली चुका करते. ती निर्दोष झाली तरी पृष्ठावर जे छापलेले नाही, ते तिला वाचता येणार नाही. गोविंदाग्रज म्हणजेच गडकरी, हे ज्ञान ग्रंथसूचीकाराचे आहे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये व १९३८ ते १९५० या काळाचा पुढील भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. छायांकनाच्या कितीतरी आधी सिद्ध झालेले हे साधन समावेशनाच्या वेळी ताडून पाहिले जाणे अगत्याचे होते.

निष्कर्ष :
हा प्रश्न आता महाविद्यालयांच्या दारी आला आहे. प्रबंध ‘शोधगंगा’त जमा होतात, अनेक संस्था ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर स्वतःची भांडारे उभारतात. डीस्पेसमध्ये साहित्य प्रसिद्ध होण्यापूर्वी नोंद तपासण्याची व दुरुस्त करण्याची सोय आहे; ती वापरण्यासाठी जाणकार ग्रंथपाल आणि त्याला पुरेसा वेळ हवा. शीर्षक देवनागरीत व प्रमाण लिप्यंतरात नोंदणे, ग्रंथकाराची सर्व नावे एकत्र जोडणे, शक आणि इसवी सन दोन्ही देणे, एवढे किमान नियम प्रत्येक भांडाराने पाळावयास हवेत. उपक्रमाचे यश छायांकित पृष्ठांच्या संख्येवर मोजले जाईल, तोवर हे काम दुय्यमच राहील. कपाटात चुकीच्या जागी ठेवलेला ग्रंथ कधीतरी कोणाच्या हाती लागतो. चुकीच्या नोंदीखालचा डिजिटल ग्रंथ मात्र असूनही नसल्यासारखाच असतो.