पाय धुणारा पुढारी

‘चारित्र्य’ हा शब्द आपल्याकडे वापरून वापरून फार गुळगुळीत झाला आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असा शेरा असतो ना, तसाच तो पुढाऱ्यांच्या गौरवग्रंथांतून आढळतो. शेरा मारणाऱ्याला त्याने काही सुचवावयाचे नसते आणि वाचणारालाही काही समजून घ्यावयाचे नसते. फराळाचे ताट पुढ्यात असताना असल्या शब्दावर लेख वाचावयास लावणे हा वाचकांवर थोडा अन्यायच आहे. परंतु ज्या पुस्तकाविषयी मला लिहावयाचे आहे त्यात हा शब्द जवळजवळ न येता त्याचा अर्थ मात्र पानोपानी येतो. ते पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. डहाणू, तलासरी आणि उंबरगाव या भागांतील वारल्यांच्या उठावाची ती हकीकत आहे.

या पुस्तकाला मी जे माप लावणार आहे ते लेखिकेला कदाचित रुचले नसते. ते माप ख्रिस्ती आहे आणि त्या कट्टर कम्युनिस्ट होत्या. पण माप कोणाच्या दुकानातले आहे यापेक्षा ते खरे आहे की नाही हे पाहावे.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, अंगावरचे वस्त्र बाजूला ठेवतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी हे काम घरातील सर्वांत खालच्या गड्याचे. या प्रसंगावर नम्रतेची प्रवचने पुष्कळ झाली आहेत. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो पेत्राचा नकार. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसवत नाही. पुढारी उंचावर राहिला म्हणजे अनुयायालाही बरे वाटते. त्याच्याकडे मान वर करून पाहिले की आपली जबाबदारी संपली! तो खाली बसला की अनुयायाला उठावे लागते. ख्रिस्ती विचारात पुढाऱ्याच्या शीलाला जे महत्त्व आहे ते मला वाटते येथे आहे. ते अंगावर मिरवावयाचे निष्कलंकपण नव्हे. आपल्या वागण्याने समोरचा माणूस उठून उभा राहतो की अधिकच वाकतो, ही त्याची परीक्षा आहे.

योगायोग असा की हा विधी डहाणूला अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून वलसाडला येऊन पुढे डहाणूपर्यंत पसरलेल्या ब्रेदरन पंथात प्रभुभोजनाच्या प्रसंगी भाविक एकमेकांचे पाय खरोखरच धुतात आणि पुसतात. या मिशनने डहाणूला इस्पितळ चालविले, डॉ. बार्बरा निकी या बाईंनी तेथे दीर्घकाळ काम केले. विधी वर्षातून एकदोनदा होतो, इस्पितळातील जखमा मात्र रोज धुवाव्या लागतात. पैकी कोणते पाय धुणे अधिक खरे, हा प्रश्न मिशनऱ्यांनाही पडला असेल.

आता पुस्तकाकडे वळू. पुण्याच्या सुखवस्तू वकिलाची ही मुलगी कायद्याची पदवी घेते आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजात जाते. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, हा त्या संस्थेचा १९०५ पासूनचा आग्रह. पुढे विवाह शामराव परुळेकरांशी, पक्ष कम्युनिस्ट, आणि १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर वारल्यांच्या मुलखात प्रवेश. तेथे काय होते? वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे कर्ज काढावे आणि त्यापायी नवराबायको दोघांनीही त्याच्या घरी जन्मभर राबावे, ही ‘लग्नगडी’ची पद्धत होती. लग्नात अक्षता पडावयाच्या आणि गुलामीचा कागद व्हावयाचा, हे मुंबईपासून पाऊणशे मैलांवर चालू होते. २३ मे १९४५ रोजी झरी गावी, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात, हजारो वारली जमले. वेठ करावयाची नाही, बारा आण्यांहून कमी मजुरीवर राबावयाचे नाही, मार मुकाट्याने खावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. आणि बघता बघता वेठ व लग्नगडी बंद पडली.

पुस्तकाचे वाङ्मयीन बळ मला या विजयाच्या वर्णनापेक्षा त्याआधीच्या भागात जाणवते. पांढरपेशा माणूस दिसला की भ्यावयाचे, हे ज्यांच्या हाडीमासी खिळले आहे त्यांच्यात एक पांढरपेशी बाई जाते. त्यांच्या झोपड्यांतून राहणे, मिळेल ते खाणे, त्यांची बोली कानात साठविणे, यात त्यागाचा आव कोठेही नाही. भाषा साधी, किंचित रुक्षच. दुसऱ्या एखाद्या लेखणीने येथे डोळ्यांत पाणी आणले असते. या लेखिकेला ते साधले नसते असे नव्हे. तिला त्याची गरज भासलेली नाही. भारत सेवक समाजात घेतलेले सेवेचे व्रत पक्ष बदलला तरी अंगातून गेले नव्हते, असे माझे मत आहे. वारल्यांनी त्यांना ‘गोदूताई’ केले ते या राहणीमुळे. व्याख्यानांनी कोणी कोणाची ताई होत नाही.

आणि येथेच ती गोष्ट येते जिच्यापाशी मी दर वाचनात थबकतो. ऑक्टोबर १९४५. गवतकापणीच्या मजुरीवरून संप पेटला होता. किसान सभेने दिलेला वृत्तान्त असा : १० तारखेच्या रात्री तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे, त्यांना मारावयास जमीनदारांचे गुंड येणार आहेत, तरी सर्वांनी काठ्याकुऱ्हाडी घेऊन यावे, अशी खोटी आवई जमीनदारांच्या गोटातून उठविण्यात आली. बाई तेथे नव्हत्या. पण माणसे आली, हजारोंनी आली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती ठार झाले.

चांगला मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो, असे शुभवर्तमान सांगते. तलवाड्याला त्याच्या उलट झाले. मेंढपाळाचा प्राण वाचविण्यासाठी म्हणून मेंढरे धावली आणि मेली. आणि त्यांना तेथवर ओढून नेण्यास जे आमिष लागले ते होते त्या बाईंचे चारित्र्य. त्यांच्यावर कोणाचा विश्वास नसता तर ती आवई चालली नसती. लबाड पुढाऱ्यासाठी रात्री काळोखातून कोण चालत जातो?

शीलवान पुढारी मिळाला की लोकांचे कल्याण झाले, असा जो सोपा हिशेब आपण मांडतो तो येथे चुकतो. विश्वास हे एक प्रकारचे कर्ज आहे आणि पुढाऱ्याला न विचारता त्याच्या नावावर तिसराच कोणी ते उचलू शकतो. मग शीलाचा उपयोग काय? गोळीबारानंतर काय झाले ते पाहावे. लोक पांगले नाहीत. संप टिकला आणि मजुरी वाढवून घेतली गेली. पुढे परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले गेले, तरी वारली वेठीला परतले नाहीत. बाई समोर नसताना जे टिकले, तेच त्यांच्या शीलाचे फळ. पेत्राने पाय धुऊ दिले. पुढे गुरू नसताना तो स्वतःच्या पायांवर चालला. त्याआधी तीनदा गुरूला नाकारून, हेही विसरू नये.

तरीही या पुस्तकाविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. चळवळीतील ‘मी’ येथे आहे. घरातील ‘मी’ जवळपास नाही. शामराव सहकारी म्हणून भेटतात, नवरा म्हणून क्वचितच. शामराव १९६५ साली स्थानबद्धतेतच वारले; पाच वर्षांनी हे पुस्तक आले. एवढे मोठे मौन! ते संयमाचे आहे हे मला मान्य आहे. पण पुढाऱ्याच्या शीलाचा पुरावा व्यासपीठावर मिळत नाही, तो स्वयंपाकघरात मिळतो. आणि या बाबतीत आपल्याकडे एक पुस्तक असे आहे की त्याच्यापुढे बाकीची चरित्रे फिकी पडावीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी निघाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी ख्रिस्ती समाजाचे वंद्य पुढारी, आणि त्यांच्या पत्नीने त्यांना कसे रंगविले? हट्टी, शीघ्रकोपी, हातात पैसा न ठरणारे, घरात उद्याचे धान्य आहे की नाही याची फिकीर नसलेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ते बायकोला ज्या दुःखात लोटतात त्याचे वर्णन वाचताना आजही राग येतो. तरी पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर वाढलेलाच असतो. हा चमत्कार लक्ष्मीबाईंच्या निर्व्याज हसण्याचा तर आहेच, पण टिळकांच्या शीलाचाही आहे : इतक्या जवळून, इतक्या उघडपणे पाहिले जाऊनही ते उरते.

डहाणूच्या किनाऱ्यावर त्याच १९४५ साली आणखी एक काम सुरू झाले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पोर शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात जाते, गुरे राखावयास गेले तर कुरणात जाते. धडा गिरवण्याआधी पोराला न्हाऊ घालावयाचे, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे. एकीकडे लाल बावटा, दुसरीकडे पाण्याचा तांब्या. एकमेकांच्या मार्गाविषयी या मंडळींचे मतभेद काय असावयाचे ते असोत. अंगण तेच होते.

गोदूताई १९९६ साली गेल्या. तलासरीच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. मला मात्र त्यांच्याविषयीचे दुसरे एक पुस्तक वाचावयाचे आहे : ज्या झोपडीत त्या मुक्कामाला राहिल्या तेथल्या वारली घरधनिणीने सांगितलेले. बाईंनी नागलीची भाकरी कशी खाल्ली, दमल्यावर त्या कोणावर खेकसल्या, पहाटे उठून स्वतःचे पाणी स्वतः भरले की नाही, आणि तलवाड्याची बातमी आली तेव्हा त्या कशा बसून राहिल्या.