आज्ञापालन आणि चेतना : मिलग्रॅम यांच्या ग्रंथाची चिकित्सा

स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा ‘ओबीडिअन्स टू ऑथॉरिटी’ हा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रयोग १९६१-६२ चे, अमेरिकेतील येल विद्यापीठात सुरू झालेले. १९६१ मध्येच जेरुसलेम येथे आइकमनवर खटला चालला, आणि ‘मी केवळ हुकूम पाळला’ या बचावाची चर्चा जगभर झाली.

प्रयोगात सामान्य माणसाला ‘शिक्षक’ करीत. भिंतीपलीकडचा ‘विद्यार्थी’ चुकला की त्याला विजेचा धक्का द्यावयाचा आणि दर चुकीला १५ व्होल्ट वाढवीत ४५० पर्यंत जावयाचे. धक्के खोटे होते, परंतु शिक्षकाला ते सांगितलेले नसे. मानसोपचारतज्ज्ञांचे अनुमान असे की, हजारांत एखादाच शेवट गाठील. ४० पैकी २६ जणांनी तो गाठला.

हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. ग्रंथाचे खरे मोल मात्र पुढील प्रकरणांत आहे. अधिकारी खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून आज्ञा देऊ लागला, तेव्हा सुमारे एकपंचमांश लोकच अखेरपर्यंत गेले. शेजारच्या दोन सहकाऱ्यांनी (हेही प्रयोगकर्त्याचेच हस्तक) नकार दिला, तेव्हा ४० पैकी केवळ ४. समूह माणसाला वाकवितो, तसाच तो त्याला उभाही करतो.

मिलग्रॅम यांची उपपत्ती मात्र आम्हांस अपुरी वाटते. आज्ञेखालचा माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे साधन मानतो, असे ते म्हणतात. परंतु साधनाला घाम फुटत नाही, ते हुज्जत घालीत नाही. त्यांनीच वर्णिलेली माणसे हे सारे करीत होती. जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मर्यादित पुनःप्रयोगात ‘तुम्हांला दुसरा पर्यायच नाही’ हा सर्वांत कठोर हुकूम ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. ‘प्रयोगासाठी हे आवश्यक आहे’ एवढे सौम्य वाक्य मात्र पुष्कळांना पुरले. हुकमापेक्षा विज्ञानाच्या प्रतिष्ठेला दिलेली संमती प्रबळ ठरली. आणि संमती ही चेतनाच होय.

बौद्ध विचाराने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशभाष्या’तील कर्मनिर्देशानुसार, सक्तीने सैन्यात ओढलेला मनुष्यही हत्येच्या कर्मातून सुटत नाही. प्राण वाचविण्यासाठीही मी कोणाला मारणार नाही, असा निश्चय ज्याने केला तोच सुटतो. येथे ‘साधन’ ही पळवाट उरत नाही. हा निकष कठोर आहे, कदाचित अतिकठोर. पण भयाने वाकलेल्या माणसालाही तो कर्ता मानतो.

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त याच संदर्भात वाचावे. परंपरा, ग्रंथ, तर्क यांच्याबरोबरच ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ हेही स्वीकाराचे पुरेसे कारण नव्हे, असे तथागत तेथे सांगतात. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी दिलेला इशारा याच जातीचा आहे. आमच्याकडे मात्र हे सुत्त बहुधा ‘ज्याने त्याने आपले ठरवावे’ एवढ्यावरच आणून ठेवतात. सुत्तात सुज्ञांच्या निंदास्तुतीचाही विचार करावयास सांगितला आहे, हे आम्ही विसरतो. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते : केसपुत्तात शंका घेऊन आलेला मनुष्य एकटा नव्हता. कालाम मिळून आले होते.