साक्ष आणि तिचे भाषांतर

मानवी हक्कांची आंतरराष्ट्रीय परिभाषा आणि ‘उबुंटू’ ही देशी श्रद्धा यांचा संगम दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व समेट आयोगात झाला, असे सांगण्याची प्रथाच पडली आहे. तो संगम दुभाष्याच्या टेबलापाशी किती कठीण होता, हे अँकी क्रोख, नोसिसी म्पोल्वेनी व कोपानो रातेले यांच्या ‘देअर वॉज धिस गोट’ (2009) या ग्रंथावरून कळते.

1986 मध्ये गुगुलेतू येथे पोलिसांनी सात तरुणांना ठार केले. त्यांपैकी एकाच्या मातेने 1996 मध्ये आयोगापुढे खोसा भाषेत साक्ष दिली. इंग्रजी नोंदीत ती असंबद्ध वाटते. मुलाच्या मृत्यूची वार्ता येण्याआधी स्वप्नात दिसलेली शेळी मध्येच का यावी? कवयित्री, भाषाध्यापिका व मानसशास्त्रज्ञ असे हे तिघे मूळ ध्वनिमुद्रणाकडे परततात, आणि ते स्वप्न अशुभाची सूचना म्हणून आपल्या जागी बसते. ‘उबुंटू’ हा शब्द अहवालात सुखाने नांदला. शेळीला मात्र तेथे आसरा मिळाला नाही!

लेखकत्रयाची ही चिकाटी अपूर्वच म्हटली पाहिजे. तथापि एक शंका उरते. प्रत्येक वाक्याचा उलगडा करण्याच्या भरात, दुःखाला विस्कळीत राहण्याचाही अधिकार असतो, हे त्यांच्या नजरेआड होते. म्हातारीचे अडखळणे सगळेच दुभाष्याच्या पदरी कसे टाकावे?