बॉक्स बदलला, पण पॅनहार्ड बारचं काय?

१९३२ची फोर्ड, पुढे ड्रॉप केलेला अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग सैल. अमेरिकन हॉट रॉडवाल्यांचं यावर ठरलेलं उत्तर: शेव्हरोले व्हेगाचा बॉक्स लावा, क्रॉस स्टिअरिंग करा. उपाय चांगलाय, पण बरेचदा अर्धाच सांगितला जातो. माझं संशोधन सस्पेन्शनच्या भूमितीवर, म्हणून हे खटकतं.

बघा, मूळ गाडीत ड्रॅग लिंक डाव्या बाजूनं मागून पुढे जाते. क्रॉसमध्ये ती आडवी होऊन उजव्या चाकाकडे जाते. आता या फोर्डचा पुढचा कमानपाटाही आडवाच, शॅकलवर टांगलेला. त्यामुळे चासी अ‍ॅक्सलवर डावी-उजवीकडे सरकते. बॉक्स चासीवर, म्हणजे तुम्ही स्टिअरिंग न फिरवताही चाकं वळणार! म्हणून पॅनहार्ड बार हवा. तोही ड्रॅग लिंकला समांतर आणि जवळपास तेवढाच लांब. नाहीतर खड्ड्यात गाडी पुन्हा ओढणारच.

त्याहून वाईट म्हणजे जुने स्टिअरिंग आर्म तापवून वाकवणं. ड्रॉपमुळे टाय रॉड विशबोनला अडतो, हे कबूल. पण खाली झुकलेले तयार आर्म मिळतात की! नव्या बॉक्सला पैसे आहेत, मग इथेच काटकसर का?